निवृत्त होणाऱ्या पोलीस साहेबांची थट्टा किती करावी आणि कोणी करावी?

आपला प्रश्न मला समजला तो असा. शहादा-शिरपूर पट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी आपला सेवाभावी क्लब आहे आणि आपण त्याचे यंदाचे सचिव आहात. तेथील उपविभागीय पोलीस अधिकारी ३१ मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. गेली दोन वर्षे ते क्लबच्या प्रत्येक रक्तदान शिबिराला आवर्जून आले, म्हणून मंडळींना नेहमीच्या शाल-श्रीफळाऐवजी त्यांची हसती-खेळती निरोपसंध्या करायची आहे. तरुण सभासद ‘रोस्ट करू या’ म्हणतात, तर ज्येष्ठ मंडळी ‘पोलिसाची थट्टा म्हणजे विस्तवाशी खेळ’ म्हणून मान हलवतात. या ओढाताणीत थट्टा किती करावी, असे आपण विचारले आहे.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मी चोवीस-पंचवीस वर्षे सूत्रसंचालन करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे आमच्या क्लबचा ‘टेल ट्विस्टर’, म्हणजे सभेत खेळीमेळी राखणारा पदाधिकारी, होतो. पोलीस अधिकाऱ्यांचे असे नऊ निरोप माझ्या हातून झाले. त्यांतले सात चांगले झाले, एक फसला, आणि एकात आमरस इतका उत्तम होता की कार्यक्रम कसा झाला हे कोणालाच आठवत नाही.

‘किती’ या प्रश्नाच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शिक्षकाची किंवा बँकेच्या व्यवस्थापकाची थट्टा करताना सभागृहात भीती नसते, पण पोलीस अधिकाऱ्याच्या निरोपाला जमलेल्यांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी त्यांच्या टेबलासमोर उभे राहून काहीतरी विनंती केलेली असते आणि उरलेल्या निम्म्यांची रजा त्यांनी मंजूर किंवा नामंजूर केलेली असते. अशा ठिकाणी विनोद हटकून दोन बाजूंना घसरतो. एक तर तो स्तुतीचे सोंग घेतो, म्हणजे ‘साहेब, तुमचा एकच दोष, तुम्ही जिवाला विश्रांती देत नाही’ अशा छापाचा होतो. नाहीतर कोणीतरी जुना हिशेब चुकता करून घेतो आणि ‘अहो, गंमत केली’ म्हणून मोकळा होतो. माझी परीक्षा साधी आहे. सभागृहाच्या दाराशी एक हवालदार उभा असतोच. विनोद झाल्यावर तो लगेच हसला तर विनोद योग्य आहे असे मी समजतो, आणि हसण्याआधी त्याने साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिले तर माझ्या निवडीत काहीतरी चुकले असे समजतो. कार्यक्रमाची लिहिलेली संहिता वाचताना मी प्रत्येक ओळीला त्या हवालदारासमोर उभे करतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. साहेब स्वतःवर हसतात का, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. न हसणाऱ्या माणसाचा हसता निरोप करू नये, त्यांना जेवायला बोलवावे आणि चार शब्द मनापासून बोलावेत. त्यांच्या कारकिर्दीत गावात दंगल, लाठीमार किंवा कोठडीतील मृत्यू असे काही घडले असेल, अथवा एखादी विभागीय चौकशी चालू असेल, तर थट्टेचा बेत सरळ रद्द करावा, कारण त्या दिवशी प्रत्येक वाक्याचा दुसरा अर्थ लागतो. ते निवृत्तीनंतर याच भागात राहणार आहेत की आपल्या मूळ गावी जाणार आहेत, यानेही फरक पडतो. इथेच राहणार असतील तर उद्या सकाळी ते भाजीबाजारात एकटेच दिसणार आहेत, आणि आज रात्री त्यांना चिकटवलेले टोपणनाव त्यांच्या आधी तेथे पोहोचलेले असेल.

नियमांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण आपल्या ज्येष्ठांची धास्ती तिथून आली असावी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जाऊ नये किंवा मानपत्र स्वीकारू नये, असा मूळ दंडक आहे. मात्र निवृत्तीच्या किंवा बदलीच्या वेळचा खाजगी, अनौपचारिक निरोप आणि संस्थांनी केलेला साधा, कमी खर्चाचा पाहुणचार यांना त्यात सवलत आहे. भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी असतील तर त्यांना १९६८ चे अखिल भारतीय सेवांचे वर्तणूक नियम लागू होतात आणि निवृत्तीचे वयही ५८ ऐवजी ६० असते. आपण एवढेच पाहावे की मंडप, फलक, मिरवणूक आणि सोन्याची अंगठी यांपैकी काहीही नको, आणि त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांकडून एक रुपयाचीही वर्गणी नको. मी तर असे कार्यक्रम शक्यतो निवृत्तीच्या तारखेनंतर, म्हणजे आपल्या बाबतीत जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवायला सांगतो. त्याने नियमांचा प्रश्न बराच सैल होतो, आणि मुख्य म्हणजे ‘साहेब’ हा शब्द त्या दिवशी सवयीचा उरतो, सक्तीचा नसतो. पण आपल्या मंडळींना ३१ मेची संध्याकाळच हवी असेल तर तीही चालेल, फक्त छपाई केलेली निमंत्रणपत्रिका काढू नका.

फसलेल्या कार्यक्रमाची हकीकत सांगणे भाग आहे, कारण मी जे काही शिकलो ते त्यातूनच. एका गावच्या निरोपात आमच्या एका सभासदाने नदीतील वाळूवर विनोद केला. साहेबांच्या काळात गिरणेची वाळू इतकी कमी झाली की बगळ्यांना उभे राहायला जागा उरली नाही, असे काहीसे ते वाक्य होते. संहिता मी आधी वाचली होती आणि मला ते वाक्य चुरचुरीत वाटले होते. सभागृह हसले, पण ते हसणे वेगळ्याच जातीचे होते. मागच्या दोन रांगा जोरात हसल्या आणि पुढची रांग ताटाकडे पाहू लागली. साहेबही हसले. त्यांची मुलगी मात्र हसली नाही, आणि तिने हातातला घास ताटात परत ठेवलेला मी व्यासपीठावरून पाहिला. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वार्ताहराने ते वाक्य क्लबच्या नावासकट छापले. तो अधिकारी माझ्या माहितीप्रमाणे स्वच्छ होता. पण तो प्रश्नच नव्हता. वाळू, सट्टा, अवैध दारू, बदली आणि पैसा या विषयांवरचा विनोद ऐकताना लोक माणसावर हसत नाहीत, ते आरोपावर हसतात, आणि आरोपाला उत्तर द्यायला जेवणाचे ताट ही जागा नाही. त्या दिवसापासून हे पाच विषय माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. त्यांत जात-धर्म, स्त्रियांच्या तक्रारी आणि मृत व्यक्ती यांची भर घालण्याची खरे तर गरज नसावी, पण मी घातली आहे.

मग हसायचे कशावर? सर्वांत चांगली सामग्री साहेबांच्या मोठेपणात मिळत नाही, ती त्यांच्या रोजच्या बारीकसारीक सवयींत मिळते, आणि त्या सवयी तीन माणसांना पाठ असतात: घरी वहिनींना, गाडी चालवणाऱ्याला आणि कार्यालयातील रायटरला, म्हणजे लिखापढी करणाऱ्या पोलिसाला. या तिघांकडे मी स्वतः जातो, चहा घेतो आणि ‘साहेबांचे कौतुक सांगा’ असे कधीच विचारत नाही. ‘साहेब कशाला कंटाळतात?’ असे विचारतो. या एका प्रश्नावर अर्ध्या तासाची सामग्री मिळते. चालक व रायटर अजून खात्यात आहेत, हे मात्र विसरू नये. त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या नावाने सांगायची नाही आणि वहिनींनी होकार दिल्याशिवाय वापरायची नाही.

अशाच एका चहात मला आजवरची सर्वांत चांगली गोष्ट मिळाली. एक अधिकारी साताऱ्याकडून प्रथमच खान्देशात आले होते आणि अहिराणीचा त्यांना गंध नव्हता. पहिल्याच आठवड्यात घरफोडीची तक्रार घेऊन एक आजी आल्या. काय काय गेले, असे विचारल्यावर त्या कपाळाला हात लावून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या: “चोर बठ्ठं लई ग्यात, साहेब.” साहेबांनी गंभीरपणे रायटरला सांगितले की मुद्देमालाच्या यादीत घ्या, बठ्ठं, एक नग, आणि मग आजींना विचारले की ते पितळेचे होते की तांब्याचे. अहिराणीत ‘बठ्ठं’ म्हणजे सगळे, हे त्यांना सांगण्याचे धैर्य रायटरला दुसऱ्या दिवशी झाले. निरोपाच्या दिवशी आम्ही एक रिकामी पेटी आणली, तिला लाखेचे सील लावले, पंचांच्या सह्यांचे लेबल चिकटवले आणि त्यावर लिहिले: ‘बठ्ठं, एक नग, तपासात हस्तगत’. साहेबांनी सील तोडले, आत पाहिले, मग सभागृहाकडे पाहिले आणि तोपर्यंत शिकलेल्या अहिराणीत म्हणाले, “बठ्ठं आठेच शे,” म्हणजे सगळे इथेच आहे. त्यानंतर दोन मिनिटे मला माईक हातात घेता आला नाही.

ही गोष्ट मी एवढी विस्ताराने सांगितली, कारण ती का चालली हे पाहण्यासारखे आहे. तिच्यात साहेब अडाणी ठरतात आणि गाव शहाणे ठरते. एरवी ठाण्याच्या उंबरठ्यावर गावकरी भांबावलेला असतो आणि अधिकाऱ्याला सगळे ठाऊक असते. इथे तो क्रम उलटला, तरी कोणाच्या सचोटीला हात लागला नाही. दाराशी उभे असलेले हवालदार तर सर्वांत आधी हसले, कारण त्यांच्या घरी तीच भाषा बोलतात. आपले साहेब बाहेरून आलेले असतील तर अशी एखादी गोष्ट आपल्याकडेही नक्की असणार. ते मूळचे खान्देशीच असतील तर सारंगखेड्याच्या यात्रेतला बंदोबस्त, घोडेबाजारातली फजिती किंवा दोन ठाण्यांच्या हद्दीवर हरवलेली शेळी यांत शोधा.

आता सादरीकरणाचा घाट. तरुणांना हवा असलेला ‘रोस्ट’, म्हणजे एकामागून एक वक्ता उठून टोचून जातो तो प्रकार, आपल्याकडे मला फारसा रुचत नाही. आपल्या भागाला तमाशातील बतावणी ठाऊक आहे. तिथे सोंगाड्या पाटलाला टोचतो तेव्हा तो स्वतः मूर्खाचे सोंग घेऊन टोचतो, आणि त्यामुळे पाटलालाही हसता येते. हाच नियम लावून मी खोटा पंचनामा करतो. खात्याची कागदी मराठी मुळातच इतकी विनोदी आहे की तिला फार काही करावे लागत नाही. नमुन्यादाखल आमच्या एका पंचनाम्याचा काही भाग देतो:

“आम्ही खाली सही करणारे पंच, धंदा अनुक्रमे कापसाचा व्यापार व औषधाचे दुकान, आज रोजी सायंकाळी साडेसात वाजता बोलावल्यावरून, जेवण आहे असे समजल्याने, स्वखुशीने समक्ष हजर झालो. सदर ठिकाणी पूर्वेस तोंड करून एक इसम खुर्चीवर बसलेला दिसला. त्यास नाव विचारता त्याने सवयीने उलट आमचेच नाव, वय व पत्ता विचारला. सदर इसमाची अंगझडती घेता त्याचे ताब्यात खालील मुद्देमाल मिळून आला: एक नग शिट्टी, जुनी वापरती, एक नग वाचायचा चष्मा, काडी दोऱ्याने बांधलेली, ‘अर्ध्या तासात जेवायला येतो’ हे वाक्य, अंदाजे अकरा हजार वेळा वापरलेले, किंमत शून्य, सौभाग्यवतींच्या तक्रारीवरून जप्त. येणेप्रमाणे पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे, आता आम्हास जेवायला सोडावे.”

यात पंच आधी स्वतःची फजिती करतात, हे लक्षात आले असेलच. भाषेवर हसले की खाते हसते, पण माणूस दुखावत नाही. कलमांवरही चांगली करमणूक होते. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तीस-तीस वर्षे ३०२ (खून), ४२० (फसवणूक) आणि ३७९ (चोरी) जपत आलेल्या अधिकाऱ्यांना उतारवयात १०३, ३१८ आणि ३०३ पाठ करावे लागले. गावातील लोक मात्र लबाडाला अजून चारसो बीसच म्हणतात, त्याला तीनशे अठरा म्हणून कोणाचे समाधान होत नाही. आपल्या साहेबांनी नवीन आकडे कसे पाठ केले, हे त्यांच्या रायटरला नक्की विचारा.

३१ मे ही तारीखही आयतीच मिळाली आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलेली एक पिढीच आपल्याकडे आहे, आणि १ जूनचा जन्म असला की निवृत्ती ३१ मे रोजी येते. आपल्या साहेबांचेही तसेच असेल तर गुरुजींवर ‘पहिल्या बनावट दस्तऐवजाचा’ गुन्हा नोंदवण्याचा मोह होईल. मी हा विनोद दोनदा केला आहे आणि दोन्ही वेळा चालला, तरी वार्ताहर उपस्थित असतील तर मी तो गाळतो. सेवापुस्तकातील जन्मतारीख हा हसण्याचा विषय आहे असे लेखा शाखेला वाटत नाही.

क्लबच्या चाळणीबद्दल दोन शब्द. लायन्स क्लबात टेल ट्विस्टर हे पदच सभेत खेळीमेळी राखण्यासाठी आणि गमतीचे दंड करण्यासाठी असते, आणि एका सभेत एका सभासदाला दोनपेक्षा अधिक वेळा दंड करू नये अशी मर्यादा त्याच्यावर असते. ती मर्यादा मी विनोदालाही लावतो: साहेबांच्या एका सवयीचा उल्लेख संध्याकाळभरात दोनदाच, मग ती कितीही हशा घेणारी असो. रोटरीवाल्यांकडे १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर यांनी तयार केलेली चार प्रश्नांची कसोटी आहे: हे सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का, आणि हे सर्वांच्या हिताचे आहे का. मी संहिता पहिल्या तीन प्रश्नांतून गाळतो. चौथा लावला तर जगातला एकही विनोद टिकणार नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात असे, की साहेब हसणारे असतील आणि गावात जखम ओली नसेल तर थट्टा जरूर करावी. आरोपाचे विषय टाळून सवयींवर हसावे. थट्टा करणाऱ्याने आधी स्वतःची फजिती करावी. आणि सगळे कागदावर लिहून एका विश्वासू माणसाने वाचावे.

वक्ते चारच ठेवा आणि प्रत्येकाला पाच मिनिटे द्या. त्यांत एक क्लबबाहेरचा असावा, शक्यतो कधीकाळी साहेबांनी ज्याला हेल्मेटसाठी अडवले असेल असा. हाताखालच्या कर्मचाऱ्यांना बोलायला लावू नका. उद्या त्यांना नव्या साहेबांपुढे उभे राहायचे आहे आणि आजचा विनोद तिथवर पोहोचतो. वहिनींना मात्र आधी विचारून, त्यांची इच्छा असेल तरच, शेवटून दुसरी जागा द्यावी. शेवटची जागा साहेबांची, वेळेच्या बंधनाशिवाय; ज्याच्यावर तासभर हसलो त्याला परतफेड करण्याची संधी मिळालीच पाहिजे. संहितेचा रोख काय आहे हे त्यांना दोन दिवस आधी सांगा, संहिता दाखवू नका. म्हणजे तेही आपल्याविषयी काहीतरी जमवून आणतात. एका साहेबांनी आमच्या कार्यकारिणीच्या सगळ्या सभासदांचे वाहतूक दंड थकबाकीसह वाचून दाखवले होते. कोषाध्यक्षांचा दंड सर्वांत मोठा निघाला.

नाटुकले करणार असाल तर खरा गणवेश, नामपट्टी किंवा पदचिन्हे वापरू नका. फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा वेश घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. आपला हेतू तसा नसला तरी कार्यक्रमानंतर त्याच वेशात चौकात पान खायला गेलेल्या उत्साही सभासदाचा हेतू सिद्ध करत बसावे लागते. खाकी सदरा आणि गळ्यात शिट्टी एवढे पुरे होते. मोबाईलवर चित्रण नको, हे निमंत्रण देतानाच सांगा. पंचनाम्याची अर्ध्या मिनिटाची फीत, मागचे-पुढचे तोडून, सकाळपर्यंत साऱ्या तालुक्यात फिरते आणि तिच्यात कोण पंच आणि कोण आरोपी हे कोणाला कळत नाही. गमतीच्या दंडाचे पैसे जमले तर पोलीस वसाहतीतील मुलांसाठी पुस्तके घ्या.

मे अखेरचा उकाडा आपल्याकडे काय असतो हे मी सांगायला नको. सातच्या आधी सुरुवात करू नका, गच्ची किंवा मोकळे अंगण मिळाले तर उत्तम, आणि वीज जाणारच असे धरून एक बॅटरीवर चालणारा ध्वनिवर्धक ठेवा. वांग्याच्या भरिताचा आग्रह कोणी धरील, पण ते थंडीचे जेवण आहे. या दिवसांत खापरावरची पुरणपोळी आणि आमरस ठेवावा, आणि तोही कार्यक्रम संपल्यावरच वाढावा. आमरस पोटात गेलेल्या माणसाला हसवणे मला पंचवीस वर्षांत जमलेले नाही.

एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात. ३१ मेची संध्याकाळ धरली असेल तर साहेबांनी त्याच दिवशी दुपारनंतर पदभार सोपवलेला असेल आणि सरकारी गाडी परत गेलेली असेल. कार्यक्रम संपल्यावर ते सवयीने दाराबाहेर येऊन उभे राहतात आणि गाडी येत नाही. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना आणि वहिनींना घरी सोडायला कोणाची गाडी, हे आधी ठरवून ठेवा, आणि ती दाराशी आणून उभी करायला विसरू नका.